खिसा ठीक नाही

हिराईबाईंच्या हातून एक बॉलपेन निसटलं आणि हॉस्पिटलचे अडतीस पांढरे कोट निळे झाले.

कुसुदा लाँड्रीत हॉस्पिटलचे कपडे धुवायला यायचे. यंत्रात पडण्याआधी प्रत्येक कोट एका लांब टेबलावर यायचा आणि हिराईबाई त्याचे खिसे तपासायच्या. डॉक्टर लोक खिशात काय वाटेल ते विसरतात. थर्मामीटर, अर्धं बिस्किट, एकदा तर कुणाची तरी कवळी. अकरा वर्षांत बाईंच्या हातून काही सुटलं नव्हतं. सुटलं ते नेमकं बॉलपेन, आणि तेही 'शाई गळणार नाही' असं वर छापलेलं.

हॉस्पिटलचं पत्र आलं. ते इतकं गोड होतं की मालकीणबाई कुसुदांनी तीनदा वाचलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे जाणार आहे. त्यांनी लगेच शिकवायला माणूस बोलावला. उनो त्याचं नाव. तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नलवर काढलेला, ताठ, आणि जेवतानाही हातमोजे शेजारी नीट मांडून ठेवणारा.

"गाडीचा ड्रायव्हर सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलतो, ते का?" उनोंनी विचारलं. मग त्यांनीच सांगितलं. "कारण डोळ्यांना वाटतं, आपण बघितलं. मनाला वाटतं, डोळ्यांनी बघितलं. दोघंही झोपलेले असतात. हात आणि तोंड कामाला लावलं की सगळे जागे होतात. बोट दाखवायचं, नाव घ्यायचं, 'ठीक' म्हणायचं. गडबड असेल तर 'ठीक नाही'. आणि 'ठीक नाही' कानावर पडलं, की प्रत्येकानं तिकडे बोट करून तेच म्हणायचं आणि यंत्र थांबवायचं. तीन आठवड्यांनी शुक्रवारी परीक्षा. मी दहा पावलांवर उभा राहीन. ऐकू आलं तर पास."

"आणि नाही आलं तर?" हिराईबाईंनी विचारलं.

"काय म्हणालात?" उनो म्हणाले. ते तीन पावलांवर उभे होते.

दुखणं तिथेच होतं. हिराईबाईंचा आवाज लहानपणापासून असाच, शेजारच्याला हाक मारायची तर आधी त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं लागायचं. नापास झाल्या तर खिशांचं टेबल सुटणार होतं, आणि दुसरं काम म्हणजे ओल्या चादरींचे गठ्ठे उचलणं, जे त्यांच्या कमरेनं कधीच सोडून दिलं होतं. म्हणजे घरी बसणं आलं. घरी आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झालेले त्यांचे यजमान हिराई आधीच बसलेले होते.

तरी सरावाला तेच उपयोगी पडले. रोज सकाळी ते मागच्या मुळ्याच्या वाफ्यात दहा पावलांवर जाऊन उभे राहायचे आणि बाई ओट्यापाशी.

"गॅस, ठीक," बाई म्हणायच्या.

"ओठ हलले," हिराई वाफ्यातून सांगायचे.

"गॅस, ठीक."

"आताही हललेच. पण कालच्यापेक्षा जास्त."

आवाज काही वाढेना. हात मात्र भलताच हुशार निघाला. दुसऱ्या आठवड्यात तो बाईंना न विचारता उठू लागला. दार, ठीक. भाताचा कुकर, ठीक. जेवायला बसलेले हिराई, ठीक. एका संध्याकाळी तो परस्पर हिराईंच्या स्वेटरच्या खिशात गेला आणि डॉक्टरांनी बंद केलेल्या योकान मिठाईचे दोन तुकडे घेऊन बाहेर आला.

"खिसा, ठीक नाही," बाई पुटपुटल्या.

"हे मात्र स्पष्ट ऐकू आलं," हिराई खिन्नपणे म्हणाले.

मग बाजारात मासळीच्या दुकानात पांढरा कोट घातलेला दुकानदार पाठमोरा उभा होता, आणि बाईंचा हात त्याच्या खिशात. माणूस दचकून वळला. बाई माफी मागत कमरेत इतक्यांदा वाकल्या की शेवटी त्यानंच त्यांना एक बांगडा सवलतीत दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओकिताबाईंना सांगितलं. ओकिताबाई लाँड्रीच्या दुसऱ्या टोकाला मोठं यंत्र चालवायच्या आणि यंत्रापेक्षा मोठ्यानं हसायच्या.

"हिराई-सान, हात पास झाला बघ तुझा. आता गळ्याची शिकवणी लाव."

"चेष्टा करू नकोस गं. शुक्रवार जवळ आलाय."

आणि परीक्षेच्याच आठवड्यात मंगळवारी थोरले कुसुदा गेले. नव्वदीला टेकलेले, लाँड्री उभी करणारे, मालकीणबाईंचे वडील. गुरुवारी दुपारी अंत्यविधी होता. काळ्या पोशाखात सगळी लाँड्री आली. उनोही आले आणि मागच्या भिंतीशी ताठ उभे राहिले.

थोरल्यांनी सांगून ठेवलं होतं की मला रेशीमबिशीम नको, माझा कामाचा पांढरा कोट घाला. त्याप्रमाणे पेटीत ते धुतलेल्या, कडक इस्त्रीच्या कोटात झोपले होते. झाकण लावण्याआधी प्रत्येकानं पेटीत फूल ठेवायचं असतं. अंत्यविधीवाल्या माणसानं हळू आवाजात विचारलं, "आत चष्मा, बाटली, डबा, असं काही नाही ना? भट्टीपाशी आमची माणसं उभी असतात." घरच्यांनी माना हलवल्या. भिक्षूंचं सूत्रपठण चालू होतं. रांग पुढे सरकत होती.

हिराईबाई पांढरं शेवंतीचं फूल घेऊन पेटीपाशी आल्या. त्यांना खरोखर रडू येत होतं. अकरा वर्षांपूर्वी, पंचेचाळिसाव्या वर्षी, कुठेच काम मिळत नसताना याच माणसानं त्यांना विचारलं होतं, "खिसे तपासता येतील का?" त्यांनी डोळे पुसले, खाली पाहिलं. समोर पांढरा कोट होता.

हात उठला. बोट ताठ झालं.

"खिसा," हिराईबाई म्हणाल्या.

पुटपुटल्या नाहीत. छप्पन्न वर्षं कुठे दडून बसला होता कोण जाणे, तो आवाज हॉलच्या त्या टोकाला जाऊन परत आला. भिक्षू एका अक्षरावर अडकले. बाईंना थांबायचं होतं, पण हात कुणाचं ऐकतो. तो थोरल्या कुसुदांच्या खिशात गेला आणि एक लाल गॅसचा लायटर घेऊन वर आला.

"ठीक नाही."

त्याच क्षणी हॉलभर पसरलेल्या लाँड्रीच्या चौदा बायांनी चौदा हात वर केले, काहींच्या हातात फुलं तशीच होती, आणि एका दमात म्हणाल्या, "ठीक नाही."

भिक्षूंनीही घंटेवरचा हात थांबवला. तेवढंच एक यंत्र तिथे चालू होतं.

अशा वेळी धरणी पोटात घेते असं म्हणतात, पण हॉलची फरशी पक्की होती. पुढच्या रांगेत थोरल्यांचे धाकटे भाऊ तेत्सुजी हळूच उठले. वय चौऱ्याऐंशी.

"मीच ठेवला," ते म्हणाले. "दादाची सिगरेट ठेवली होती. पेटवायला तिथे कुणाकडे मागणार तो?"

"काका, मघाशी विचारलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत," मालकीणबाई म्हणाल्या.

"मी म्हटलं, लायटर म्हणजे काही डबा नव्हे."

अंत्यविधीवाल्या माणसानं तो लायटर दोन्ही हातांनी घेतला, हलवून पाहिला, काठोकाठ भरलेला होता. भट्टीत तो फुटला असता तर झरोक्याशी उभ्या असलेल्या माणसाचं काय झालं असतं, हे त्याला सांगावं लागलं नाही. तो हिराईबाईंपुढे इतका खाली वाकला की बाई घाबरून त्याच्याहून खाली वाकल्या. मालकीणबाई आल्या, त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले. "उपकार झाले, हिराई-सान. बाबांच्या निरोपाला गालबोट लागलं असतं." एवढं बोलून त्या रडल्या, आणि मग त्यांना हसूही आवरेना.

हिराईबाईंना मात्र यातलं काही खरं वाटलं नाही. लोक भिडेखातर आभार मानतात. रात्री त्या जेवल्या नाहीत. "प्रेताचा खिसा तपासला मी," त्या म्हणाल्या. "चारचौघांत."

"ऐकू किती लांब गेलं?" हिराईंनी विचारलं.

"त्याचं काय घेऊन बसलात."

शुक्रवारी सकाळी उनोंनी दहा पावलं मोजून खडूची रेघ मारली आणि कागद घेऊन उभे राहिले. मालकीणबाई बाजूला. हिराईबाई टेबलापाशी आल्या आणि कालचा सगळा हॉल त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पहिला कोट. बोट गेलं, ओठ हलले.

"ऐकू आलं नाही," उनो म्हणाले.

दुसरा कोट. तेच. उनोंनी पेनाचं टोपण काढलं. मालकीणबाईंनी मान खाली घातली.

तिसरा कोट. हात खिशात गेला आणि थबकला. आत कात्रीसारखं काही होतं. बाईंचा खांदा किंचित वर गेला, ओठ हलले, बाहेर हवासुद्धा आली नाही. आणि लाँड्रीच्या त्या टोकाला, उनोंच्याही पलीकडे, धडधडणाऱ्या यंत्रांमधून चौदा आवाज आले, "ठीक नाही." ओकिताबाईंनी कळ दाबली. यंत्रं थांबली.

उनो गर्रकन वळले. "तुम्हाला कसं ऐकू आलं? मी दहा पावलांवर आहे, मला नाही आलं."

"ऐकलंय कुणी?" ओकिताबाई म्हणाल्या. "तिचा खांदा असा वर गेला की खिशात काहीतरी असतंच. अकरा वर्षं बघतोय आम्ही."

"मग ते बॉलपेन?"

"त्या दिवशी आम्ही गप्पा मारत होतो," ओकिताबाई खाली बघत म्हणाल्या. "खांदा वर गेला होता तिचा. पेन निसटून गठ्ठ्यात गेलं तेव्हा तिनं 'थांबा' म्हटलंही असेल. बघितलं कुणी नाही."

तीस वर्षांत उनोंना कुणी खांद्याबद्दल सांगितलं नव्हतं. मग त्यांनी कागद वाचला. 'इशारा सर्वांपर्यंत पोहोचला का?' असा रकाना होता. त्यात त्यांनी सावकाश लिहिलं, पोहोचला. आवाजाचा रकाना त्यांनी तसाच सोडला.

हिराईबाईंना आधी कळेना. मग कळलं. त्यांनी त्या टोकाच्या चौदा जणींकडे पाहिलं, आणि त्यांचा जीव इतका भरून आला की तो कुठूनतरी बाहेर पडणं भागच होतं.

"खूप उपकार झाले गं तुमचे," त्या म्हणाल्या, आणि कमरेत वाकल्या. यंत्रांवरचे पत्रे थरथरले.

उनोंनी कागदावरून मान वर न करता पेन पुन्हा उघडलं.

"हे ऐकू आलं," ते म्हणाले, आणि रिकामा रकाना भरला.