अडीच एमएल पाणी

आमच्या शेजारचे मेजर स्कॉचमध्ये पाणी घालतात ते जनावरांच्या इंजेक्शनच्या सिरिंजनं. सुई काढलेली असते, एवढंच. ही सिरिंज त्यांना मी दिली, त्यामुळं या प्रकरणात मी साक्षीदार नाही, सहआरोपी आहे.

मी जनावरांचा डॉक्टर, मूळचा सांगलीचा. बदली होऊन वडूजच्या पुढं एका गावात येऊन पडलो. बायको आणि पोरी सांगलीला, कारण शाळा. मी इथं, कारण सरकार. आलो त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मधल्या भिंतीवरून पांढऱ्या मिशांचं एक डोकं वर आलं आणि म्हणालं, "डॉक्टर, पाच एमएलची सिरिंज हाय का? कोरी पायजे."

मी सवयीनं विचारलं, "गाय आहे का म्हैस?"

"स्कॉच हाय," डोकं म्हणालं.

मेजर म्हणजे खरं तर हवालदार. पण फौजेतनं परत आलेल्या प्रत्येकाला हे गाव मेजर म्हणतं, आणि असे मेजर आमच्या गल्लीतच सहा आहेत. बाकीचे पाच सरहद्दीच्या गोष्टी सांगतात. आमचे हणमंतराव मेजर बावीस वर्षं ऑफिसरांच्या मेसमध्ये होते. ते ओतण्याच्या गोष्टी सांगतात. कुठल्या साहेबाला किती, कशात, कशाबरोबर, हे त्यांना अजून पाठ आहे. एका साहेबाला ग्लास आधी गरम पाण्यानं विसळून लागायचा. एकाला बर्फाचा एकच खडा, तोही विरघळायच्या आत काढून टाकायचा. एक कॅप्टन आपल्याच भागातला होता, तो पहिल्या घोटाबरोबर खिशातला गुळाचा खडा चोरून तोंडात टाकायचा. त्याचं नाव मात्र मेजर सांगत नाहीत. "मेसमधलं मेसमधी ऱ्हातं," म्हणतात. तो कॅप्टन आता कुठंतरी नातवंडं खेळवत असेल, पण त्याच्या गुळाचं गुपित इथं शाबूत आहे.

पहिल्याच दिवशी मी शेजारधर्म म्हणून सोडा, मिठाईवाल्याकडचा बर्फ आणि पावशेर फरसाण घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो. मेजरांनी तिन्ही वस्तूंकडं असं पाहिलं, जसं काही मी चुकून लाळ्या-खुरकूत झालेलं जनावर दारात आणलंय.

"साहेबाला इचारलं का?" ते म्हणाले.

मला वाटलं आत कोणी साहेब बसलाय. मी चप्पल नीट काढून ठेवली. मग कळलं की साहेब म्हणजे ती बाटली. मेजरांच्या मते स्कॉच हा पाहुणा आहे, समुद्र ओलांडून आलेला, आणि त्याच्या अंगावर काहीही टाकण्याआधी त्याला विचारायचं असतं. साहेब हो म्हणतो तो फक्त पाण्याला, आणि तेही अडीच एमएल. सव्वादोन झालं तर नरड्याला लागतं, पावणेतीन झालं तर साहेब रुसतो. बोअरचं पाणी खारट, ते बाद. जारचं पाणी मेलेलं, तेही बाद. चालतं ते देवळामागच्या जुन्या विहिरीचं, तांब्यात रात्रभर निवलेलं. बरोबर खायला बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे, मोजून बारा. फरसाण त्यांनी माझ्यासमोर कोंबड्यांना घातलं. कोंबड्या मात्र साहेबाला न विचारता खात होत्या.

एकदा सोड्याची बाजू घेऊन मी वाद घातला. मेजर शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, तुमी कृष्णाकाठचं. तुमाला पानी ओतायची सवय. हितं मार्चमधी टँकर येतो. ह्या गावात पानी जपून वापरायला मी शिकवायचं व्हय?" तेव्हापासून मीही अडीचवर आलो.

महिन्यातून एकदा मेजर फौजेच्या कॅन्टीनला साताऱ्याला जातात. बाकीचे मेजर कोट्यात रम घेतात, हे एकच बाटली स्कॉच घेतात आणि एसटीनं परत येतात. येताना बाटली टॉवेलात गुंडाळून पिशवीत, आणि पिशवी शेजारच्या सीटवर. वर्धनगडच्या घाटात वळण आलं की तिच्यावर हात ठेवतात. एकदा पुसेगावला गाडी भरली. एक म्हातारी वर चढली आणि पिशवीकडं बघून म्हणाली, "हितं कोण बसलंय?"

"साहेब हायत," मेजर म्हणाले.

"मंग साहेबाला मांडीवर घ्या की," म्हातारी म्हणाली आणि बसलीसुद्धा. मेजर वडूजपर्यंत साहेबाला मांडीवर घेऊन आले. ही गोष्ट कंडक्टरनं सगळ्या तालुक्यात पोचवली.

गाव त्यांना हसतं, आणि सगळ्यात जास्त हसतं ते कोलाच्या भानगडीवर. मेजरांचा एकुलता एक मुलगा प्रकाश तिकडं सेलमला गलाईच्या धंद्यात आहे. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणं. आमच्या भागातली निम्मी पोरं फौजेत जातात, उरलेली देशभर भट्ट्या पेटवून बसतात, आणि सगळी जमतात ती चैत्रातल्या गावच्या यात्रेला. तीन वर्षांपूर्वी प्रकाश यात्रेला आला तो विमानतळावरनं घेतलेली अठरा वर्षं मुरलेली स्कॉच घेऊन. बापासमोर बसला, ग्लास निम्मा भरला आणि वर काठोकाठ कोला ओतला. मेजर उठले, ग्लास उचलला आणि म्हशीच्या घमेल्यात रिकामा केला. दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रकाश निघून गेला, तो परत आला नाही. चावडीवर कुणी कोला पिताना दिसला की अजून कोणीतरी विचारतं, "काय रं, गाव सोडायचा इचार हाय का?"

मीही हसायचो. म्हशीला मात्र मी तेव्हा तपासायला हवं होतं, असं मेजरांना एकदा म्हणालोही. ते हसले नाहीत. बारा शेंगदाण्यांतले सात खाऊन उठले.

यंदाच्या यात्रेच्या दोन दिवस आधी आमच्या दवाखान्यातला फ्रीज बंद पडला. लसीच्या बाटल्या गार ठेवायला हव्यात, नाहीतर वाया. मी खोकं उचललं आणि मेजरांकडं गेलो. ते घरात नव्हते. काकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, फ्रीज उघडून दिला. दह्याचं पातेलं बाजूला सारलं, तर मागं कोलाची मोठी बाटली. झाकण न उघडलेली, लेबल नवं कोरं.

देवघरात कोंबडी सापडावी तसं झालं.

"काकू, हे कुणाचं?"

"कुणाचं आसंल?" काकू म्हणाल्या. "तीन वरीस झालं, ह्ये दर यात्रेला नवी आणत्यात. बाटलीवरची तारीख बघून आणत्यात. तारीख सपत आली की मला म्हंत्यात, टाकून दे."

"मग टाकता?"

"कशाला टाकू? मी पिते. ढेकर लय झ्याक येतो."

मग त्या खाली बसल्या, पदरानं उगाच फरशी पुसली आणि मला खरी गोष्ट सांगितली. घमेल्यात ओतल्याचं प्रकाशला काहीच वाटलं नव्हतं, तो हसला होता. पण त्या दिवशी त्याच्याबरोबर सेलमचा एक सराफ आला होता, मूळचा आपल्याच भागातला, प्रकाशला सगळं काम देणारा. त्या सराफासमोर मेजर बोलून गेले, "असल्या मालात घाण मिसळतोय. सोन्यात बी असंच तांबं घालत आसंल ह्यो."

आमच्याकडं गलाईवाल्याला आईबापावरनं शिवी दिली तरी तो ऐकून घेईल. पण हे वाक्य नाही. लोक त्याच्या हातात बायकोचं मंगळसूत्र देतात ते त्याच्या शब्दावर.

"सराफ तवा हासला," काकू म्हणाल्या, "पर म्हैनाभर त्यानं पोराकडं सोनं धाडलं न्हाई. परकाशनं कसं निभावलं त्येचं त्येला म्हाईत. मला फोन करतो. ह्यास्नी देऊ का म्हटलं, की ठेवतो."

"आणि मेजर?"

"ह्ये कोला आणत्यात."

संध्याकाळी मी ओसरीवर गेलो तेव्हा मेजर दोन ग्लास पुसत होते. मऊ धोतराचा एक तुकडा त्यासाठी राखीव आहे. मी बसलो, आणि तोंडातून निघूनच गेलं, "मेजर, फ्रीजमध्ये लस ठेवलीय. कोलाच्या शेजारी."

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा पुसायला लागला. तो ग्लास खाली ठेवून म्हणाले, "डॉक्टर, तुमी कॉलेजात कोला घालून पीत हुता न्हवं? किती घालत्यात?"

मी चाटच पडलो. "मेजर, साहेबाला विचारलं का?"

"चेष्टा न्हाई करत. मला म्हाईत न्हाई. बावीस वर्सांत एका साहेबानं कोला मागितला न्हाई. शिकवा."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, आजवर कधी न सांगितलेली. बावीस वर्षं त्यांनी ओतली, पण स्वतः थेंब घेतला नव्हता. रिटायर व्हायच्या दिवशी कर्नलसाहेबानं त्यांना खुर्चीत बसवलं, स्वतःच्या हातानं ग्लास घेतला आणि विचारलं, "हवालदार, आप कैसे लेंगे?"

"मला सांगताच येईना डॉक्टर. माजी कशी, ते मला जन्मात कुणी इचारलं न्हवतं. मी म्हटलं, थोडं पानी. साहेब थेंब थेंब टाकत ऱ्हायला, मी हां म्हणंपत्तर. डोळं भरून आलं माजं." त्यांनी ग्लास उजेडाकडं धरून पाहिला. "एवढ्या साहेबांच्या आवडी ध्यानात ठेवल्या. आन् पोरगा माज्याच घरात, माज्याच म्होरं बसला, तर तुजी कशी रं, म्हणून इचारलं न्हाई. त्येचा ग्लास म्हशीला पाजला. आन् वर त्ये बोललो."

अशा वेळी बापाच्या वयाच्या माणसाला काय म्हणावं ते कुणी शिकवत नाही. म्हणून मी कामाचं तेवढं म्हणालो. "फोन लावू का?"

मेजर एकदम ताठ बसले, कोणी हुकूम सोडावा तसे. नको म्हणाले नाहीत. नंबर काकूंनी आतून आणून दिला. त्या दाराआडच उभ्या होत्या. मी स्पीकर लावून मोबाईल शेंगदाण्याच्या वाटीला टेकवला.

"हॅलो, कोण?" प्रकाशचा आवाज. मागं भट्टीच्या पंख्याची घरघर.

मेजरांनी घसा साफ केला. "मी बोलतोय. आबा."

"परकाश, त्या दिशी सोन्याचं जे बोललो. मी अडीच एमएल पानी घालून एकच घेतो, तुला म्हाईत हाय. तवा ते दारूच्या माथी मारून चालायचं न्हाई. शुद्धीत बोललो. माजं चुकलं." ते थांबले. काकूंनी दाराची चौकट घट्ट धरली होती. "सराफाला बी मी सांगतो. तू म्हणशील तर सेलमला येऊन सांगतो."

घरघर चालूच. मला वाटलं आता फोन ठेवणार हा.

"आन् कोला आणलाय," मेजर म्हणाले. "थंड हाय."

पंखा बंद झाला. आता पोराचा श्वास ऐकू येत होता. मग हसू दाबत तो म्हणाला, "साहेबाला इचारलं का, आबा?"

मेजरांनी टेबलावरच्या बाटलीकडं एकदा पाहिलं. सगळं आयुष्य जिला सलाम ठोकला त्या बाटलीकडं.

"साहेबाला काय कळतंय," ते म्हणाले. "तू सांग. तुजी कशी?"

"यात्रेला येतो," प्रकाश म्हणाला. "तितंच सांगतो."

फोन बंद झाला. काकू आत जाऊन उगाचच भांडी आपटायला लागल्या. मेजरांनी माझा ग्लास भरला, सिरिंज उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि तशीच खाली ठेवली. पाणी मीच घातलं, तीन एमएलच्या पुढं गेलं, आणि ते काही बोलले नाहीत.

निघताना मला हाक मारली.

"डॉक्टर, पोरगा ग्लास भरून कोला घेतो. ह्या पाचाच्या सिरिंजनं किती येळ भरत बसू? म्हशीची मोठी हाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडला आणि सगळ्यात आधी पन्नास एमएलची एक नवी सिरिंज काढली, सुई बाजूला केली आणि भिंतीवरून दिली.