तीन गोलकीपर आणि एक मांडव

गोष्ट २०२३ सालची. मेहरूणच्या फुटबॉल क्लबची अध्यक्ष होती भिकुबाई अक्का. नवऱ्याने क्लब काढला, त्याच्यामागे तिने तो पोटच्या पोरासारखा सांभाळला.

त्या वर्षी शिरपूरशी हरलं की क्लब खान्देश लीगमधून बाहेर! प्रशिक्षक अय्युब काकुळतीला आला होता.

"अक्का, संघात बदल करू. एक गोलकीपर बाहेरून घेऊ."

"बाहेरून? अरे, तीन-तीन आहेत! प्रेमराज पडला तर त्याचा मामा जीवराम, जीवराम पडला तर भटू! आपली राखीव फळी म्हणजे लोणच्याची बरणी. कितीही काढा, तळ लागत नाही!"

"आणि लागला तर?" समितीतला रतिलाल म्हणाला. अध्यक्षपदावर त्याचा डोळा होताच.

"तर ही खुर्ची तुझी!"

खेळाडूंच्या नोंदणीची मुदत संपली. लगेच शिरपूरचा फोन. त्यांची निम्मी पोरं तापाने आडवी, सामना पुढे ढकलता का?

"कोणताही रविवार घ्या!" अक्का गरजली. "आमच्याकडे माणसांची ददात नाही!"

त्यांनी घेतला एक रविवार.

आदल्या संध्याकाळी सरावाला प्रेमराज आला तो नवे कपडे घालून. "अक्का, उद्या दीपमालाचं लग्न. नवरदेवाचा कान पिळायला भाऊ नको का?"

"जा रे बाबा, बहिणीचं लग्न आहे. जीवराम उभा राहील."

जीवराम दचकला. "अक्का, भाची मन्ही शे! मामा उभा नही ऱ्हायना ते लगीन कसं लागी?"

"बरं, तूही जा! भटू आहे ना!"

अय्युब आभाळाकडे बघायला लागला.

"अरे, भटू कुठे आहे?"

"हळद लागतेय त्याला," अय्युब म्हणाला. "नवरदेव तोच आहे, अक्का!"

अक्का गोलपोस्टला धरून मटकन खाली बसली. ही सोयरीक तिनेच जमवली होती! भटू धुळ्याच्या संघात जाणार अशी कुणकुण लागली, तेव्हा त्याला मेहरूणचा जावई करून बांधून ठेवायची युक्ती तिचीच. पण लग्नातला भटू आणि गोलमधला भटू तिच्या डोक्यात दोन वेगळ्या फडताळांत होते. शिवाय निम्मा संघ प्रेमराजचे भाऊबंद, उरलेल्यांत बहुतेक भटूचे दोस्त!

"लग्न सकाळचं आहे," तिने धीर धरला. "मांडव भटूच्या गावी, धरणगावला. ते काय लांब आहे? मी स्वतः जाते. चारच्या आत सगळ्यांना आणते!"

धरणगावला दुपार झाली तरी वरात मांडवाला लागेना. बँडपुढे क्लबची अख्खी मधली फळी घामाघूम होऊन नाचत होती. मैदानावर ही पोरं कधी इतकी पळाली नव्हती! अक्का मध्ये घुसली, दोन्ही हात वर करून ओरडली, "सरका रे पुढे! सरका!"

बँडच्या दणक्यात ऐकतो कोण? फक्त हात दिसले.

"अक्का नाचतेय रे!" कोणीतरी किंचाळलं. पोरांनी तिला मधोमध घेतलं, बँडवाल्याला चेव आला आणि वरात तिथेच रुतली. अक्काने जितके हात उडवावेत तितकी शिट्ट्यांची बरसात!

ती मेहरूणला पोचली तेव्हा केसांत अक्षता, लुगड्याला हळद, बरोबर एकही खेळाडू नाही. मैदानात आपली मोजून सात माणसं. गोलमध्ये अय्युब, कारण जुना खेळाडू म्हणून नोंदणीत त्याचं नाव राहिलं होतं. पहिला गोल झाला तेव्हा तो गुडघ्याला पट्टी बांधत होता. नववा झाला तेव्हा सोडत होता.

"अक्का," रतिलाल हळूच म्हणाला, "खुर्ची आज नेऊ की उद्या?"

अक्काने खुर्ची पुसून दिली.

पुढे भटू दीपमालाला घेऊन धुळ्यालाच गेला आणि तिथल्याच संघात खेळतो. प्रेमराज दर सुट्टीला बहिणीकडे जातो आणि मेव्हण्याचा सामना बघून येतो. जीवरामला अजून चार भाच्या उजवायच्या आहेत, त्याने खेळ सोडला. अय्युब आता बसूनच शिकवतो. अध्यक्ष रतिलालने मात्र आल्या आल्या संघ बदलला, थेट बाहेरून तीन नवे गोलकीपर आणले. तिघे एकमेकांचे साडू. त्यांचे सासरे बरेच थकलेत म्हणतात.

अक्का रोज त्यांच्या तब्येतीची चौकशी करते.