कोंबडी न मागणारी हडळ

बबनरावांच्या सुनेच्या अंगातल्या हडळीने कोंबडी मागितली नाही, तिथेच मारोतराव भगतांचे गणित चुकले.

अनसिंगच्या आसपास वीस वर्षे ते भुते उतरवत होते. भूत कोणतेही असो, रीत ठरलेली होती. बाईने केस सोडून घुमायचे, भगतांनी ऊद जाळून नाव विचारायचे, थोड्या हुज्जतीनंतर भुताने काळी कोंबडी मागायची आणि जाताजाता बजावायचे की हिला आठ दिवस माहेरी पाठवा. सुनेला माहेर मिळे, कोंबडी भगतांच्या चुलीवर चढे. भुतासकट कोणाचीच तक्रार नसे.

रुख्मिणी मात्र घुमेना. पांढरे लुगडे नेसून, भर दुपारी पेटता कंदील हातात घेऊन ती ओसरीवर संथ फेऱ्या मारत गात होती. महायुद्धामुळे रॉकेल मिळत नव्हते, त्यामुळे बबनरावांचे डोळे सुनेपेक्षा कंदिलावरच होते.

"कोन व्हय तू?" भगतांनी दरडावले.

"सहस्र वर्षे मी प्रतीक्षा करीत आहे," रुख्मिणी म्हणाली. तिच्या तोंडून एवढे शुद्ध बोलणे घरात कोणी ऐकले नव्हते.

"कोंबडी पाह्यजे का तुले?"

"मला सूड हवा," असे म्हणून तिने पुढचे कडवे सुरू केले.

बबनरावांनी भगतांना बाजूला घेतले. "बुवा, बाजाराच्या मैदानात टाकीचा, बोलत्या सिनेमाचा, तंबू आला हाय नं, तिथली हडळ अशीच हाय. आमच्या सूनबाईनं तीनदा पाह्यली. पडक्या महालात राह्यते, गाणं म्हनते. अन् इजा कडाडल्या का लोकं मुद्दाम तिथंच मुक्कामाले जातेत."

"काहून?"

"शिकेल असतेत."

भगतांनी घसा खाकरला. "त्याच्यात भगत हाय का कोनी?"

"हाय नं. दाढीवाला, गळ्यात कवट्या." बबनराव जमिनीकडे पाहू लागले. "मरते तो."

"कवा?"

"मधल्या सुट्टीच्या आंधी."

"पन कायले मरते?"

"आता काय सांगू बुवा. तो मेल्याबिगर हडळ किती जबर हाय, हे लोकाइले कसं समजन?"

शुक्रवारी दुपारी पुऱ्या तयारीने येतो, असे सांगून भगत घरी गेले. आणि तेव्हापासून गाव त्यांच्याशी फार प्रेमाने वागू लागले. शेताच्या धुऱ्यावरून चार वर्षे अबोला धरलेले शेजारी उकंडराव स्वतः येऊन हात जोडून म्हणाले, "झालं गेलं इसरून जा, भाऊ." कोणी खवा आणून दिला, कोणी फोटो काढून घ्यायला सुचवले. बायका भगतांच्या पत्नी मनकर्णाबाईंच्या पाठीवरून हात फिरवून जाऊ लागल्या.

"जाऊ नोका तुमी," मनकर्णाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"नाही गेलो तं भगत कायचा? वीस वर्साचं नाव जाते."

"नाव राह्यते अन् मानूस जाते, त्याचं काय?"

भगतांचा भुतांवर विश्वास नव्हता. वीस वर्षांच्या अनुभवाने तो उडाला होता. पण गावाची इतकी एकवाक्यता पाहून तेही अधूनमधून स्वतःची नाडी चाचपू लागले.

शुक्रवारी बबनरावांच्या अंगणात मुंगीला वाट नव्हती. आसपासच्या खेड्यांतून लोक बैलगाड्या जुंपून आले होते, भाकरी बांधून. मनकर्णाबाईंना सर्वांत पुढे बसवले होते. भगतांनी ऊद पेटवला. कंदील घेऊन रुख्मिणी आली आणि तिने त्यांच्यावर बोट रोखले. हडळीकडे कोणी बघत नव्हते. सगळ्यांच्या नजरा भगतांच्या छातीवर होत्या.

भगत पुढे वाकले आणि राख फुंकल्याचे निमित्त करून हळूच पुटपुटले, "पोरी, माहेर पाह्यजे का?"

गाणे थांबले. "किती दिवस?"

"पंधरा."

"एक महिना," हडळ आपल्या घरच्या बोलीत कुजबुजली. "टाकी रिसोडले जाऊन राह्यली. माहेर तिथंच हाय माह्यं."

"जाय. महिना."

रुख्मिणीने कंदील खाली ठेवला, डोळे फिरवले आणि व्यवस्थित जागा बघून पडली. उठल्यावर तिने पाणी मागितले. बबनरावांनी आधी कंदील विझवला. भगतांनी घाम पुसला आणि वीस वर्षांत प्रथमच छाती काढून लोकांकडे पाहिले.

कोणी हलले नाही.

"थांबा," मागून एकजण म्हणाला, "पडन आता."

बराच वेळ गेला. शेवटी बबनराव जवळ आले. "बुवा, छातीत काही दुखून राह्यलं का?"

"नाही."

"चक्कर?"

"काहीच नाही. बरा हावो मी."

लोक धूळ झटकत उठले. कोणी भाकरीचे गाठोडे न सोडताच गाडी जुंपली. उकंडराव भगतांच्या अंगावरून गेले ते मान वळवून.

"मी पह्यलेच म्हनलं होतं," ते बरोबरच्या माणसाला म्हणाले, "खरा भगत असता तं मेला असता."

पुढच्या आठवड्यात आणखी एक सून पांढरे लुगडे नेसून गाऊ लागली. तिच्यासाठी लोकांनी मंगरूळपीरहून दुसरा भगत आणला. त्याला जुना दमा होता.