पलंगाखालची फळी

रेडिओवरच्या बाईने रात्री पाणी गोठवणारी पहिली कडक थंडी पडणार असं जाहीर केलं, तेव्हा आर्लिसच्या हातात कॉफीचा कप होता आणि तिच्या नवऱ्याचा, व्हर्लिनचा, डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. छपराच्या पन्हळीतली पानं काढताना तो शिडीवरून पडला, त्याला आज सहा दिवस झाले होते. अंगणापलीकडे, यंत्रांच्या शेडमागे उभ्या असलेल्या त्यांच्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घराच्या, पोटात मात्र उन्हाळ्यातलं पाणी अजून तसंच होतं.

"आज रिकामा केला नाही तर गेला तो," आर्लिस म्हणाली. "मी करते."

"तू?" व्हर्लिन आरामखुर्चीत उठून बसायला गेला आणि कळवळून परत आडवा झाला. "अगं, अख्ख्या दिवसाचं काम आहे ते. ऑर्डेलला फोन करतो. रविवारी येईल."

"रविवारी येऊन काय करेल? सांत्वन?"

ऑर्डेल म्हणजे व्हर्लिनचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याने आपल्या ट्रेलरमधलं पाणी काढायचं 'पुढच्या आठवड्यावर' ढकललं होतं. मे महिन्यात दार उघडलं तेव्हा फुटलेल्या पाइपांनी जमीन भाकरीसारखी फुगवून ठेवली होती. ट्रेलर भंगारात गेला, आणि तेव्हापासून ऑर्डेल आणि त्याची बायको सगळा उन्हाळा घरात एकमेकांची तोंडं बघत बसतात. आर्लिसला ते नको होतं. मे ते सप्टेंबर तळ्याकाठी त्या चाकांवरच्या खोलीत राहायचं, एवढ्यावर तिचे उरलेले सात महिने निघत. तिथे व्हर्लिन बोलायचासुद्धा. म्हणजे रोज पाचसहा वाक्यं.

"तुला काय काय करायचं माहीत तरी आहे का?" व्हर्लिनने विचारलं.

"तू सांग ना. तेवीस वर्षं करतोयस."

तेही खरंच होतं. तेवीस वर्षं दर ऑक्टोबरात एका शनिवारी व्हर्लिन न्याहारी करून थर्मास आणि सँडविचचा डबा घेऊन जायचा, तो अंधार पडता पडता परत यायचा. मदतीला येऊ का म्हटलं की, "आत दोघांना पाय ठेवायला जागा नाही," म्हणायचा. आर्लिसलाही ते बरंच होतं. तिला वाटायचं, किती राबतो बिचारा.

शेवटी व्हर्लिनने नाइलाजाने पाठकोऱ्या बिलावर यादी लिहून दिली. आधी टाकी रिकामी करायची. मग बाहेरच्या बाजूने गरम पाण्याच्या बंबाचं बूच काढायचं. मग दीड तास थांबायचं.

"दीड तास कशाला?"

"पाइप निथळायला हवेत."

"बरं."

"मग पंपाची नळी त्या गुलाबी पाण्याच्या कॅनमध्ये टाकायची. ते गोठत नाही. प्रत्येक नळातून गुलाबी यायला लागलं की तो नळ बंद. दोन नळांच्या मध्ये अर्धा तास सोडायचा."

"अर्धा तास?"

"घाई केली की फुटतं," व्हर्लिन खिडकीबाहेर बघत म्हणाला.

नऊ वाजता आर्लिस कामाला लागली. टाकी मुकाट्याने रिकामी झाली. बंबाचं बूच मात्र पान्याला दाद देईना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, एक पाय चाकाला टेकवला, आणि बूच सुटलं. सुटलं म्हणजे बंदुकीतून गोळी सुटावी तसं सुटलं. तिच्या कानाजवळून गेलं, शेडच्या पत्र्यावर ठण्णकन आपटलं आणि मक्याच्या कापलेल्या शेतात कुठेतरी गुडुप झालं. त्यामागोमाग बर्फासारखं पाणी तिच्या कोटाच्या कॉलरमधून आत शिरलं आणि थेट बुटापर्यंत पोचलं.

कितीतरी वेळ तिला श्वासच घेता येईना. मग तिने फोन लावला.

"व्हर्लिन, बूच उडालं!"

"आधी नळ उघडून दाब सोडला नव्हतास?"

"यादीत कुठे आहे ते?"

"ते सगळ्यांना माहीतच असतं गं."

तिने घरी जाऊन कपडे बदलले, शेतात जाऊन खुंटांमधून बूच शोधलं, सापडलं नाही. मग प्रामाणिकपणे दीड तास ट्रेलरमध्ये बसून पाइप निथळण्याची वाट पाहिली. बाराच्या सुमारास तिने नळी पहिल्या कॅनमध्ये सोडली आणि पंप चालू केला. पंप आनंदाने घुरघुरायला लागला. कॅन रिकामा झाला. स्वयंपाकघरातल्या नळाने नुसता खोकला काढला. तिने दुसरा कॅन लावला, मग तिसरा. नळ खोकतच होता. चौथ्या कॅनला तिला वाटलं, तेवीस वर्षांची तहान असेल. सहावा संपला तेव्हा तिने पंप बंद केला. सहा कॅन गुलाबी पाणी या पिटुकल्या घरात गेलं तरी कुठे?

उत्तर बाहेरून आलं, किंचाळीच्या रूपात.

"अगं बाई! आर्लिस! जिवंत आहेस का गं?"

शेजारच्या शेतावरची आयोन एका हातात वड्यांचं ताट घेऊन अंगणात उभी होती. व्हर्लिनला बघायला म्हणून आली होती. तिच्या बुटांपाशी, पिवळ्या पडलेल्या गवतावरून, एक गुलाबी ओहोळ संथपणे शेडकडे निघाला होता. उगम ट्रेलरच्या कुशीत, बूच नसलेल्या भोकात.

"मला वाटलं रक्तच!" आयोन म्हणाली. "म्हटलं शेवटी केलंस त्या व्हर्लिनचं काहीतरी. पण इतकं गुलाबी रक्त त्याचं असणार नाही."

आर्लिस पायरीवरच बसली. सहाही कॅन रिकामे. गावातल्या दुकानात काल संध्याकाळीच एक उरला नव्हता. आणि पश्चिमेकडून वारा असा सुटला होता की नाक आहे की गेलं ते चाचपून बघावं लागत होतं.

"बंब बाजूला काढला नाहीस?" आयोनने विचारलं.

"म्हणजे?"

"अगं, बंबामागे एक व्हॉल्व्ह असतो. तो फिरवला की पाणी बंबात न जाता सरळ पाइपात जातं. पहिलं काम तेच! व्हर्लिनने सांगितलं नाही?"

आर्लिसने यादी उलटसुलट केली. दीड तास होता, अर्धा तास होता, 'मध्ये कॉफी घ्यावी' असंही होतं. व्हॉल्व्ह नव्हता.

"माझ्याकडे दोन कॅन उरलेत, ते आणते," आयोन म्हणाली. "बंब वगळला की दोनात होतं. मी सकाळी तासाभरात उरकलं आमचं."

"तासाभरात?"

"चहा घेतला नसता तर चाळीस मिनिटं."

आर्लिसने यादी पुन्हा पाहिली. "आणि निथळायला?"

"काय निथळायला?"

आयोन कॅन आणायला गेली तेव्हा आर्लिस हिशोब करत होती. तेवीस शनिवार. प्रत्येकी नऊ तास. तिने फोन उचलला.

"व्हर्लिन, बंबाचा व्हॉल्व्ह कुठे आहे?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"कुठला व्हॉल्व्ह?"

"बंबामागचा. आयोन म्हणते असतो."

"तिच्यात असेल. आपलं मॉडेल वेगळं आहे."

"बंबाची मागची बाजू म्हणजे आपल्या पलंगाखाली येते. ती फळी काढून बघते."

"फळीला हात लावू नकोस!" व्हर्लिन इतक्या जोरात ओरडला की तो आवाज फोनवाटे आला की अंगणातून, तिला कळलं नाही. संसारात त्याने एवढा आवाज एकदाच काढला होता, बैल अंगावर आला तेव्हा.

"का?"

"विजेच्या तारा आहेत. शॉक बसेल. राहू दे आर्लिस. फुटला तर फुटला ट्रेलर."

फुटला तर फुटला! हे व्हर्लिन म्हणत होता, जो ट्रेलरच्या पायपुसण्यावरसुद्धा बूट काढून पाय ठेवायचा. आर्लिसने फोन ठेवला. एवढं काय ठेवलंय त्याने पलंगाखाली? बाटल्या? पैसे? कुणा बाईची पत्रं?

आयोन परत आली तोवर आर्लिस पेचकस घेऊन पलंगाशेजारी बसली होती, पण पेचकस स्क्रूला लावायचा धीर होत नव्हता.

"तू कर," ती म्हणाली.

"मी कशाला? नवरा तुझा."

"फळी माझ्या हातून निघत नाहीये गं."

आयोनने तिच्या हातातून पेचकस घेतला. चार स्क्रू निघाले, फळी निघाली. बंबाची पाठ दिसली. तांब्याच्या नळीवर लाल मुठीचा व्हॉल्व्हही दिसला, अगदी आज्ञाधारक. आणि त्याला टेकून एक सफरचंदाची पेटी होती. पेटीत पुस्तकं होती. वरच्या पुस्तकाच्या वेष्टनावर वाऱ्याने झगा उडालेली एक बाई उघड्या छातीच्या पुरुषाच्या गळ्यात पडली होती, मागे समुद्र आणि दीपगृह.

आयोनने वरची दोनचार पुस्तकं बाजूला सरकवून खालची पाहिली.

"ही... प्रेमकथांची पुस्तकं आहेत," आयोन शेवटी म्हणाली. "जपून ठेवल्यासारखी."

तीस वर्षं धान्याच्या कोठारावर पोती मोजणारा व्हर्लिन. लग्नाला हो म्हणतानाही ज्याने 'चालेल' असं म्हटलं होतं तो व्हर्लिन. आर्लिसने एक पुस्तक उघडलं. शेवटच्या पानावर पेन्सिलने त्याचं ते काडीसारखं अक्षर: *ऑक्टोबर २००६. चांगलं. दोन वेळा रडलो.* दुसरं काढलं: *ऑक्टोबर २०११. त्याने आधीच बोलायला हवं होतं. मूर्ख.* तिसरं: *ऑक्टोबर २०१४. ही आर्लिससारखी आहे. हट्टी. शेवटी तोच नमतो. खूप छान.*

"बघू, बघू," आयोनने मान पुढे काढली.

आर्लिसने पुस्तक झाकलं. "व्हॉल्व्ह फिरव तू."

वीस मिनिटांत सगळं संपलं. स्वयंपाकघरातल्या नळाने गुलाबी धार सोडली, मोरीतल्या नळाने सोडली, संडासाने सोडली, मागच्या बाजूच्या फवाऱ्याने तर आयोनच्या टोपीवर सोडली. बंबाच्या भोकात उंदीर जाऊ नयेत म्हणून त्यांनी तारेची घासणी कोंबली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ट्रेलर वाचला होता.

"मी कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही," आयोन जाताना म्हणाली, आणि इतक्या कळकळीने म्हणाली की रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर हे सगळ्यांना कळणार याबद्दल आर्लिसला शंका उरली नाही.

आता फळी लावायची आणि घरी जायचं. तिने फळी उचलली. ते दीपगृहाचं पुस्तक अजून वाचून व्हायचं होतं, यंदाचं. चाळिसाव्या पानावर पशुखाद्याच्या दुकानाची पावती खुणेला घातलेली. आर्लिसने मागचं पान पाहिलं. पेन्सिल अजून टेकली नव्हती.

फोन वाजला.

"कुठवर आलं?" व्हर्लिनचा आवाज अगदी बारीक झाला होता.

आर्लिसने कोरड्या सिंककडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "अजून बराच वेळ आहे," ती म्हणाली. "एक सांधा गळतोय." मग तिने गॅसची शेगडी लावली, बूट काढले, आयोनचं ताट मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

ती घरी आली तेव्हा अंधार पडला होता आणि बागेतलं पाण्याचं पातेलं दगडासारखं झालं होतं. व्हर्लिन खुर्चीतून हलला नव्हता. टीव्ही लावलेला, आवाज नाही.

"झालं?"

"झालं. सगळीकडे गुलाबी आलं."

"व्हॉल्व्ह..."

"फिरवला."

व्हर्लिनची मान हळूहळू लाल होत कानापर्यंत गेली. आर्लिसने कालचा बटाट्याचा हॉटडिश, म्हणजे भाजलेला खिमा-बटाटा, ओव्हनमध्ये गरम केला, दोन ताटल्यांत वाढला, एक त्याच्या मांडीवर ठेवली. तो काटा हातात धरून बसून राहिला. न बोलण्याची सवय दोघांनाही होती, पण आजचं न बोलणं वेगळं होतं, कुणीतरी दार ढकलून अर्धं उघडं ठेवावं तसं.

"आर्लिस," तो शेवटी टीव्हीकडे बघतच म्हणाला, "ती त्या दीपगृहवाल्याकडे परत जाते का गं?"

आर्लिसने काटा खाली ठेवला. दिवसभरात बूच उडालं होतं, सहा कॅन वाहून गेले होते, पलंगाखालून पेटी निघाली होती. पण एवढा धक्का तिला कशानेच बसला नव्हता. नवरा तिला, चौतीस वर्षांत पहिल्यांदा, एका बाईच्या मनात काय आहे ते विचारत होता.

"पाय बरा झाला की जाऊन वाच," ती म्हणाली. मग थोडं थांबून, भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवावं इतक्या सहज: "आणि जाताना मलाही हाक मार. एकट्या माणसाचं काम नाही ते."