गॅलरीतले तज्ज्ञ

"उघड्या दाराकडे पाठ करून बसू नकोस, वारा मानेत शिरला की आठवडाभर मान वळत नाही," असं सासूबाईंनी बजावलं तेव्हा ल्युप्का हसली होती. कायद्याची पदवी घेतलेल्या मुलीने झुळकेला भ्यायचं म्हणजे कमालच. पुढे मुलगा झाला, दाम्यान, त्याला पहिला खोकला झाला, आणि तिचं हसणं बंद पडलं. आता तिच्या घरात दोन खिडक्या एकाच वेळी उघड्या सापडत नाहीत. तशा त्या अख्ख्या स्कोप्ये शहरात कुणाच्याच घरात सापडत नाहीत.

फेब्रुवारीत मंत्रालयात निवडणूक कायद्याच्या दुरुस्तीची बैठक होती. मसुदा तपासायला बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणजे फिनलंडचे प्रोफेसर तापानी. त्यांना इथली भाषा उत्तम यायची, पण बंद खोलीत जीव घुसमटायचा. संध्याकाळपर्यंत सत्ताधारी आणि विरोधक एका मसुद्यावर आले नाहीत तर अहवाल प्रतिकूल जाणार, अभ्यासगट गुंडाळला जाणार, आणि गटाची सचिव म्हणून ल्युप्काही घरी बसणार, हे तिला आदल्या दिवशीच स्पष्ट सांगितलं गेलं होतं.

गाडी पहिल्याच कलमावर अडली होती. परदेशी कायमच्या गेलेल्यांची नावं मतदारयादीत ठेवायची का?

"तुमच्या गावात माणसं कमी आणि मतदार जास्त," विरोधकांचे स्पासे म्हणाले. "बाकीचे काय तळघरात राहतात?"

"आणि तुझ्या मामाने मेल्यावर मत दिलं, ते?" सत्ताधारी ब्लागोयांनी विचारलं.

"मामाला मध्ये आणू नकोस. त्याच्या मयतीला सगळ्यांत जास्त तूच जेवलास."

ब्लागोयांच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभे राहिले ते स्पासेच, त्यामुळे एकमेकांच्या घरातलं काहीच झाकलेलं नव्हतं. भांडण मामावरून मामीवर आलं, आणि तेवढ्यात ल्युप्काच्या मानेवर गार झोत आला. मागचं गॅलरीचं दार उघडं होतं. टिपणावरची नजर न काढता तिने टाचेने दार लोटलं, मूठ फिरवली आणि वरून पडदा ओढला. मूठ फक्त आतल्या बाजूला होती.

थोड्या वेळाने कुणाच्या तरी लक्षात आलं की प्रोफेसरांची खुर्ची रिकामी आहे. टेबलावर त्यांचे कागदही नव्हते.

"गेले," ब्लागोया म्हणाले. "तुझ्या मामापायी गेले."

"तुझ्या तळघरापायी गेले. फोन लाव."

फोन बंद. बैठकीत फोन बंद ठेवायचा नियम एकट्या प्रोफेसरांनीच पाळला होता.

"निषेध म्हणून उठून गेला असेल माणूस," स्पासेंचा आवाज खाली आला. "आता अहवालात काय काय लिहील."

"तुमच्याबद्दलही लिहील."

"दोघांबद्दल लिहील, तेच म्हणतोय. परत यायच्या आत काहीतरी दाखवायला हवं बाबा."

लेकराची आई झाल्यापासून ल्युप्काला सतत माणसं शोधायची सवय लागली होती. तिची नजर खोलीभर फिरून पडद्याच्या फटीवर थांबली. काचेपलीकडे प्रोफेसर उभे होते. कोटाशिवाय, काखेत कागद धरून, एका बोटाने अत्यंत सभ्यपणे काच वाजवत. काच दुहेरी होती. आत टिचकीचाही आवाज येत नव्हता.

ती उठली. मुठीवर हात ठेवला.

"बरं, राहू द्या ती नावं यादीत," मागून स्पासे म्हणाले. "पण मोजणीला आमचा माणूस बसेल."

"बसू दे," ब्लागोया म्हणाले.

या खोलीत 'बसू दे' हे शब्द ल्युप्काने कधी ऐकलेच नव्हते. तिचा हात मुठीवरून आपोआप खाली आला.

दुसरं कलम मान्य झालं, मग तिसरं. ल्युप्का दर कलमाला फटीतून बघे. प्रोफेसरांचं नाक आधी गुलाबी, मग लाल, मग जांभळं दिसायला लागलं. नोकरी एकीकडे आणि कुणाच्या तरी आईचा मुलगा एकीकडे. शेवटी तिला राहवेना. कॉफी सांगायला जाते म्हणून तिने गरम चहा आणला, गळ्यातला मफलर काढला आणि पडद्याआड जाऊन दार जरासं उघडलं.

"माफ करा प्रोफेसर, चुकून माझ्याच हातून..."

"आत एवढी शांतता कशी?" त्यांनी विचारलं.

"सहमती होतेय."

"कुणाची?"

"दोघांची. तुम्ही रागावून निघून गेलात असं वाटतंय त्यांना."

प्रोफेसरांनी मफलर कानांवरून गुंडाळला, चहाचा घोट घेतला.

"किती कलमं राहिलीत?"

"चार."

"मग लावा ते दार," ते म्हणाले. "आणि पडदा नीट ओढा. फट राहिलीय."

संध्याकाळी सह्या झाल्या. अहवाल अनुकूल आला, ल्युप्काची नोकरी कायम झाली, आणि ही पद्धत कुठून शिकलात अशी शेजारच्या राजधान्यांतून चौकशी होऊ लागली.

आता दुरुस्त कायद्याची पुन्हा दुरुस्ती चालू आहे आणि या खेपेला तज्ज्ञ तिघे आलेत. गॅलरी अरुंद आहे. तुम्ही समोरच्या रस्त्याने जाणार असाल, तर तिसऱ्या मजल्याकडे एकदा बघाल का? प्रोफेसर तापानींची काळजी नाही, ते सोबत थर्मास नेतात. पण त्यांच्या डावीकडे ज्या बाई उभ्या आहेत, त्या पोर्तुगालच्या. त्या अजून हात हलवताहेत का, एवढं बघून दारावरच्या शिपायाला सांगा. आत शेवटचं कलम आलंय, ल्युप्काला उठता येत नाही.