दत्तारामची सुखरूप सहल

एका जंगलात करवंदं कमी पिकत आणि सल्ले फार पिकत.

तिथे कोणी ओढ्यावर पाणी प्यायला निघालं, तरी वाटेत चार जण थांबवून पाणी कसं प्यावं ते सांगत. असं जंगल तुम्ही पाहिलं नसेल, बाळांनो. घरी विचारा. आईबाबांनी नक्की पाहिलं असेल.

त्या जंगलात दत्ताराम नावाचं एक खवले मांजर राहत होतं. खवले मांजर हे मांजर नसतं. त्याच्या अंगभर खवले असतात, जीभ लांबलचक असते आणि जेवणात फक्त मुंग्या आणि वाळवी असते. भीती वाटली की ते पोटात डोकं घालतं आणि स्वतःचा गोळा करतं. मग वाघसुद्धा त्याला उलटंपालटं करून बघतो आणि कंटाळून निघून जातो.

दत्ताराम एकटा होता. त्याच्या जातीचं दुसरं कोणी त्या जंगलात उरलं नव्हतं. का उरलं नव्हतं, ते मोठ्या माणसांना विचारा. ती लगेच विषय बदलतील.

त्याचं दुःख मोठं नव्हतं, बारीक होतं. खवल्याखाली खाज आली आणि नख आत जात नसलं की कसा जीव जातो, हे कोणाला सांगावं? लाल मुंगी आधी आंबट लागते आणि मागाहून तिखट, हे कोणाशी बोलावं? हरणं ऐकून घेत. पण ऐकता ऐकता गवत खात राहत.

एकदा खाडीवर एक सुरय पक्षी उतरला. सुरय म्हणजे समुद्रावरचा फिरस्ता. आज इथे, तर उद्या जगाच्या दुसऱ्या टोकाला.

"तुझ्यासारखी एक मी पाहिली आहे," तो दत्तारामला म्हणाला. "पार दक्षिण अमेरिकेत. आर्माडिलो म्हणतात तिला. पाठीवर चिलखत. मुंग्या खाते. घाबरली की गोळा होते. नाव एर्मिनिया."

दत्तारामची जीभ बाहेर आली ती बाहेरच राहिली.

"तीही एकटीच असते?" त्याने विचारलं.

"माळावर एकटीच. तुझ्याबद्दल सांगितलं, तर मला उडूच देईना. म्हणाली, पुन्हा सांग. आता ती ब्युनोस आयरिस शहरात येणार आहे. मोठ्या चौकात कारंजं आहे. दर रविवारी सकाळी तिथे वाट बघेन म्हणाली. जातोस?"

दत्ताराम कधी खाडीपलीकडे गेला नव्हता. तरी तो म्हणाला, "जातो."

"मग चार गोष्टी लक्षात ठेव," सुरय म्हणाला. "आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. फुटपाथच्या फरशा हलतात, खाली बघून चाल. रात्री नवाच्या आधी जेवायला जाऊ नकोस, कोणी ताट वाढणार नाही. रविवारी जुन्या बाजाराच्या गल्लीत फीर. नदीकाठी रंगीबेरंगी पत्र्याची घरं आहेत, ती बघ. आइस्क्रीम खा. कोणी 'माते' नावाच्या पेयाचा वाळका भोपळा पुढे केला, तर घे. तो त्यांचा चहा असतो. सगळे एकाच नळीने पितात. नळी पुसायची नाही, तशीच तोंडाला लावायची. आणि भेटल्यावर ते गालाला गाल लावतात. लाव. बाकी काही नाही."

एवढं बोलून तो मासे पकडायला गेला.

बातमी जंगलभर पसरली. पिंपळाखाली प्रवासी मार्गदर्शन मंडळाची तातडीची सभा भरली. मंडळाचे अध्यक्ष होते नीळकंठ तरस. नीळकंठराव स्वतः ओढ्यापलीकडे गेलेले नव्हते. पण त्यांच्या मामांची जत्रेत एकदा पिशवी गेली होती. तेव्हापासून ते घराणं प्रवासातलं जाणकार समजलं जाई.

दत्तारामने सुरयाच्या सूचना वाचाव्यात तशा घडाघडा म्हणून दाखवल्या.

"एकच नळी?" वत्सलाबाई साळिंदर ओरडल्या. "उष्टी?"

"हो काकू."

"आणि गालाला गाल? अगं बाई! आमच्यात नमस्कारसुद्धा लांबून करतात." वत्सलाबाईंच्या पाठीवरचे काटे बघता ते बरंच होतं.

"पाखराचं काय ऐकता?" नीळकंठराव म्हणाले. "डोकं बघा केवढंसं. आणि ते तिथे नुसतं जाऊन येतं. अभ्यास कुठे आहे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. जाऊन आलेला माणूस पक्षपाती असतो, हे त्या जंगलात सर्वमान्य होतं.

मग नीळकंठरावांनी दत्तारामची तयारी सुरू केली. रोज सकाळी पिंपळाखाली शिकवणी असे.

"अनोळखी माणसाने हाक मारली?"

"गोळा," दत्ताराम म्हणे आणि गोळा होई.

"कोणी वाट विचारली?"

"गोळा."

"कोणी अंगावर काही सांडलं आणि पुसायला आलं?"

दत्ताराम थांबला. "सॉरी म्हणतील ना, काका?"

"तीच तर युक्ती असते! पुसता पुसता पिशवी पळवतात. मामांच्या बाबतीत ताक होतं. बोल, काय करायचं?"

"गोळा."

"कोणी गोड हसलं?"

"गोळा?"

"घट्ट गोळा! आणि शेवटची सूचना, सगळ्यात महत्त्वाची. एकदा गोळा झालास, की समोरचा हलेपर्यंत हलायचं नाही. समोरचा उघडेपर्यंत उघडायचं नाही."

दत्ताराम गुणी विद्यार्थी होता. जंगलातलं पान पडलं तरी तो आता गोळा होऊ लागला. नीळकंठरावांना गहिवरून आलं.

निघायच्या दिवशी वत्सलाबाईंनी वाळवीचा चिवडा आणि लाल मुंग्यांची चटणी बांधून दिली. "तिकडचं काही तोंडात घालू नको हो," त्या म्हणाल्या. मग सगळे जण एका सुरात म्हणाले, "जपून राहा! पोचलास की कळव!" मजेत राहा असं कोणी म्हणालं नाही. त्या जंगलात तशी पद्धत नव्हती.

दत्ताराम जहाजात कसा चढला, ते विचारू नका. गोष्टीत सगळं विचारायचं नसतं. प्रवासभर तो साखरेच्या पोत्यांमागे गोळा होऊन पडला होता. त्यामुळे समुद्र त्याने पाहिला नाही. पण समुद्राने त्याचं काही वाकडंही केलं नाही.

रविवारी सकाळी तो ब्युनोस आयरिसच्या चौकात पोचला. फुटपाथच्या फरशा खरंच हलत होत्या. ऊन खरंच पडलं होतं. आणि कारंज्याच्या कडेला, हातात आइस्क्रीमचा कोन घेऊन, खरंच ती बसली होती.

पाठीवर चिलखत. छोटे डोळे. चालताना आवाज होऊ नये म्हणून नखं आत वळवलेली. दत्तारामही तसंच चालायचा. आजवर त्याला वाटायचं, ही आपलीच एक खोड आहे.

बाळांनो, त्या वेळी त्याला इतका आनंद झाला, इतका झाला, की मला तो नीट सांगता येत नाही. त्याला एकदम दोन्ही गोष्टी बोलायच्या होत्या, खाजेची आणि मुंगीची. कुठली आधी, ते ठरत नव्हतं.

एर्मिनियाने त्याला पाहिलं. ती उठली. ती धावतच आली आणि गालाला गाल लावायला पुढे झुकली. त्या गडबडीत तिच्या कोनातलं आइस्क्रीम दत्तारामच्या पाठीवर पडलं.

"अगं आई गं! थांबा हं, पुसते," ती म्हणाली आणि गोड हसली.

सांडलं. पुसायला आली. गोड हसली.

दत्तारामने विचार केला नाही. विचार करायला त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. तो गोळा झाला.

आता तुम्हाला वाटेल, एर्मिनिया शहाणी होती. होतीच. पण तिच्या माळावरही एक मंडळ होतं. 'परदेशी पाहुण्यांचा भरवसा नाही,' असं तिला निघताना बजावलं होतं. 'पाहुणा बोलता बोलता गप्प झाला, तर समज, त्याच्या मनात काहीतरी आहे. लगेच गोळा.' तिनेही महिनाभर सराव केला होता. आणि हा पाहुणा नुसता गप्प झाला नव्हता, दिसेनासा झाला होता.

तीही गोळा झाली.

कारंज्यापाशी दोन गोळे पडून राहिले. एक खवल्यांचा, एक चिलखताचा. शेजारी चिवड्याची पिशवी.

त्या शहरात रस्त्यात काही गोल पडलेलं दिसलं, की त्याला लाथ मारणं हा शिष्टाचार आहे. कुत्र्याची काही पिल्लं तिथून चालली होती. त्यांनी शिष्टाचार पाळला. आधी एका गोळ्याला लाथ मारली, मग दुसऱ्याला. मग सामना रंगला.

अशा रीतीने दत्ताराम जुन्या बाजाराच्या गल्लीतून गेला. रंगीत पत्र्याच्या घरांसमोरून गेला. नाचणाऱ्या एका जोडप्याच्या पायांमधून तर दोनदा गेला. बघण्यासारखं सगळं झालं. फक्त त्याचे डोळे पोटात होते.

रात्री नऊ वाजता पिल्लांच्या आईने जेवायला हाक मारली. पिल्लांनी दोन्ही गोळे होते तिथे, कारंज्याच्या कडेला, एकमेकांना टेकवून ठेवले आणि ती पळाली.

पाठीला पाठ लागली. एर्मिनियाची पाठ उबदार होती.

दत्ताराम जागा होता. ती उघडेल, मग मी उघडेन, असं त्याने ठरवलं. थोड्या वेळाने त्या गोळ्यातून बारीक आवाज आला. खवल्याखाली खाज आली आणि नख आत जात नसलं, की तोंडातून एक वैतागाचा चीत्कार निघतो, अगदी तसा. जगात तो आवाज दत्ताराम सोडून कोणालाच माहीत नव्हता.

त्याचा एक पंजा सैल झाला. मग त्याला शेवटची सूचना आठवली. समोरचा उघडेपर्यंत उघडायचं नाही.

त्याने पंजा पुन्हा घट्ट केला.

सकाळी बंदरावर जहाजाचा भोंगा वाजला. जहाज चुकलं असतं, म्हणून दत्ताराम गोळा सोडून उठला. एर्मिनिया अजून गोळाच होती. त्याने चिवडा-चटणीची पिशवी तिच्याजवळ सरकवली आणि तो जहाजाकडे निघाला. मागे वळून बघायची सूचना नव्हती, तरी तो वळून बघत गेला.

जंगलात त्याचं जंगी स्वागत झालं. पिंपळाखाली सभा भरली.

"पिशवी गेली?" नीळकंठरावांनी विचारलं.

"नाही. मीच ठेवून आलो."

"कोणी फसवलं?"

"नाही."

"तिकडचं काही खाल्लंस?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"नाही काकू."

"पडलास? हरवलास? आजारी पडलास?"

"नाही."

"म्हणजे काहीच झालं नाही!" नीळकंठराव गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. दत्तारामला करवंदांचा हार घालण्यात आला आणि मंडळाचा उपाध्यक्ष करण्यात आलं.

फक्त वत्सलाबाईंना त्याच्या पाठीवर एक पांढरा डाग दिसला. "अरे, हे काय? ओढ्यावर जाऊन घासून टाक."

"राहू दे काकू," दत्ताराम म्हणाला.

पुढे पाऊस आला आणि गेला. दत्तारामने तो डाग करवंदाच्या जाळीत बसून वाचवला. आणि एके दिवशी सुरय पुन्हा खाडीवर उतरला. सगळं जंगल जमा झालं.

"काय रे, एक दिवस आणि एक रात्र तिच्या शेजारी होतास, आणि एक शब्द बोलला नाहीस?" सुरयाने विचारलं.

दत्ताराम खाली बघत म्हणाला, "ती उघडेल म्हणून थांबलो होतो."

सुरयाने पंख मिटले. मग म्हणाला, "तीही हेच म्हणाली. म्हणाली, चटणीतली लाल मुंगी आधी आंबट लागते आणि मागाहून तिखट. हे त्याला सांगायचं राहून गेलं."

दत्तारामने डोकं पोटात घातलं. या वेळी तो घाबरला नव्हता.

नीळकंठराव मात्र उठून उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला होता. "ऐकलंत ना, मंडळी?" ते म्हणाले. "दोघंही सुखरूप आहेत! यालाच म्हणतात मार्गदर्शन."

पुन्हा टाळ्या झाल्या. दत्तारामच्या गोळ्याकडे बोट दाखवून ते पुढच्या प्रवाशांना म्हणाले, "बघा, अजून सराव चालू आहे."

तात्पर्य : परमुलखात जाण्यापूर्वी, जे तिथे कधी गेले नाहीत त्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. म्हणजे जाऊनही न गेल्यासारखं परत येता येतं. आइस्क्रीमचा डाग मात्र घासू नये. आपण गेलो होतो, याचा दुसरा पुरावा उरत नाही.