जावयाच्या लाल तारा

मोटरीच्या तिसऱ्या प्लगच्या तारेपासून इंजिनाच्या लोखंडावर निळी ठिणगी उडत होती. लांबी साधारण भाताच्या दाण्याएवढी. इंजिन हळू चालत असताना सेकंदाला चारदा. जया दिवेलागणीला कंदील न घेता अंगणात आली म्हणून तिला ती दिसली. कंदील असता तर दिसली नसती.

"बाबा, वीज प्लगपर्यंत पोचतच नाय. वाटेतच उतरतेय," ती म्हणाली. जया मॅट्रिकला विज्ञान शिकलेली होती आणि नुकतीच माहेरी आली होती.

आबाजींना ही बातमी अगदी नको होती. लढाई संपून वर्ष झालं होतं. कर्जत ते खालापूर प्रवासी नेण्याचा परवाना एकाच मोटरीला मिळणार होता आणि उमेदवार दोन होते, आबाजी आणि भिवाजी. बुधवारी अकरा वाजता खालापूरच्या कचेरीपुढे मोटर उभी करून दाखवायची होती. परवाना हुकला तर आबाजींची पंधरा वर्षांची मोटर कोंबड्यांचं खुराडं म्हणूनच उरणार होती. एक कोंबडी मागच्या सीटवर आताच बसू लागली होती.

म्हणून तर त्यांचा मेहुणा सहदेव कामाला लागला होता. तो तीन वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात होता. त्याने प्लगांना वीज पुरवणारा जुना मरतुकडा मॅग्नेटो काढून लष्करी लिलावातली बॅटरी आणि विजेचा जोर वाढवणारी कॉइल बसवली होती. इंजिन एकदम तरुण झालं. पण नव्या विजेचा जोर मोठा आणि जुन्या तारांचं रबर तडकलेलं. चार नव्या तारा हव्या होत्या, एवढंच.

तारा शनिवारी आल्या, आणि आठ आल्या. सहदेवने पुण्याहून चार काळ्या मागवल्या होत्या. जाड रबर, वरून सुती वेष्टण, ग्रीसचा वास. त्याच दुपारी जयाचा नवरा मधुकरराव परळहून चार लाल तारा घेऊन उतरले. बारीक, चकचकीत, रेशमी फितीत बांधलेल्या.

"मुंबईत आता सगळ्या बड्या गाड्यांना ह्याच असतात," जावई म्हणाले आणि पाटावर बसले.

जयाने दोन्ही तारांची टोकं शेजारी धरून रबराची जाडी पाहिली. लाल तारेवरचं रबर दारावरच्या विजेच्या घंटीपुरतं आहे, असं तिने आईला सांगितलं. इंदूबाईंनी तिला माजघरात नेऊन समजावलं, की नवऱ्याने आणलेली वस्तू बापासमोर हिणवायची नसते. स्वतः इंदूबाईंची पंचाईत मोठी होती. एकीकडे जावई, दुसरीकडे पाठचा भाऊ. त्यांनी दोघांनाही सारखंच तूप वाढलं आणि मत दिलं नाही.

आबाजी रविवारी म्हणाले, बघू. सोमवारी म्हणाले, विचार चाललाय. मंगळवारी सकाळी त्यांनी देवळात जाऊन कौल लावला. उजवं फूल पडलं तर लाल, डावं पडलं तर काळ्या. दोन तास कुठलंच फूल पडलं नाही. गुरव म्हणाला, देव विचारात पडलाय.

दुपारी त्यांनी तोड काढली. दोन लाल, दोन काळ्या.

"पण पयल्या दोन जावयबापूंच्या," त्यांनी सहदेवला बजावलं. "मान ऱ्हायला पायजे."

सहदेवने कपाळाला हात लावला. वीज चार प्लगांना पाळीपाळीने वाटणाऱ्या काळ्या टोपीत तारा एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने लागतात, हे त्याने शेणाच्या गोवरीवर खडूने काढून दाखवलं.

"दाजी, पयल्याची पाळी झाली का तिसऱ्याची. दुसरा शेवटी."

"पंगतीत पयल्याला वाढून दुसऱ्याला ओलांडतात का रं? अन् दुसरी तार बापूंची हाय."

"इंजनाला पंगत नसते."

"माज्या दारात हाय."

सहदेवलाही राग होताच. दाजी म्हणतील तसं, म्हणून त्याने एक, दोन, तीन, चार अशा तारा लावल्या आणि हँडल मारलं. हँडल उलटं फिरून त्याच्या मनगटावर बसलं. धुराड्यातून तोफेसारखा बार निघाला. मागच्या सीटवरची कोंबडी थेट देवघरात गेली आणि शेजारचे बैल गाडीसकट नदीकडे निघाले. ते परत आणेस्तोवर संध्याकाळ झाली. मग जयाने काळ्या टोपीतली तारांची टोकं सहदेवच्या क्रमाने बदलली आणि इंजिन गोड चालू लागलं. लाल तारा पहिल्या दोन प्लगांवरच होत्या, त्यामुळे मानालाही धक्का नव्हता.

बुधवारी नऊला मोटर निघाली. पुढे सहदेव आणि मांडीवर नारळ घेतलेले जावई, मागे आबाजी आणि जया. उरलेल्या दोन काळ्या तारा जयाने पिशवीत घेतल्या होत्या. कर्जत मागे पडेपर्यंत सगळं झकास होतं. आबाजी येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होते. पळसदरीच्या चढावर इंजिनावर भार आला आणि ते खोकू लागलं. चारातले दोनच प्लग काम करत होते. मोटर मधोमध थांबली.

सहदेवने इंजिन चालू ठेवूनच बोनेट उघडलं.

"लाल तारांतनं वीज गळतेय," तो म्हणाला.

"माझ्या तारा?" मधुकरराव नारळासकट खाली उतरले. "हे बघा, मी हाताने धरून दाखवतो."

जया नको म्हणेपर्यंत त्यांनी धरलीसुद्धा. नारळ खाचरात गेला, डोक्यावरची टोपी बोनेटमध्ये पडली आणि जावई रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे दिसले. मधला प्रवास कुणी पाहिला नाही. टोपी पंख्यात अडकून इंजिन बंद पडलं.

"लागलं का, बापू?" आबाजींनी विचारलं. तारांबद्दल अजून चकार शब्द नाही.

एवढ्यात मागून भिवाजीची मोटर आली. भिवाजीने वेग कमी केला, सगळ्यांना रामराम केला, खाचरातल्या नारळाकडे पाहिलं आणि भोंगा वाजवत चढ चढून गेला.

जयाने पिशवीतून दोन काळ्या तारा काढून मडगार्डवर ठेवल्या. सहदेवने घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच.

मधुकरराव कोपर चोळत म्हणाले, "माझ्या तारा काढणार असाल तर मी या गाडीत पाय ठेवणार नाही. इथूनच स्टेशनवर चालत जाईन. कायमचा."

आबाजींनी जावयाकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं. वरच्या वळणावर भिवाजीची धूळ अजून खाली बसायची होती. त्यांनी पागोटं काढून सीटवर ठेवलं.

"सहदेवा," ते म्हणाले, "लाल काढ. चारी काळ्या लाव. अन् जावयबापू, तुमी उतरलाच हाव, तर मागनं ढकलायला लागा."